चाळीस पानी बल्गेरिया

एप्रिल लागला की आमच्या घरात घड्याळाची गरज उरत नाही. घरामागच्या शाळेची घंटा पुरते. सकाळी साडेसातला पहिली, पेपर वाटले की दुसरी, आणि मग तीन तास अशी शांतता, की निंबाची वाळकी पानं गच्चीवर घरंगळतात तेही ऐकू येतं. भूगोलाचा मास्तर म्हणून मी एकतीस वर्षं या शांततेत येरझारा घातल्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी दुसरी घंटा झाली की हात आपोआप पाठीमागे जातात आणि मी अंगणात फेऱ्या मारू लागतो. माझी बायको कमल ओसरीतून म्हणते, "मास्तर, इथं कोनी कॉपी नाही करून राह्यलं. बसा आता."

यंदा मात्र बसवत नाही. आमची एकुलती एक मुलगी, संघमित्रा, गेल्या एप्रिलच्या शेवटी बल्गेरियाला गेली. काळ्या समुद्राच्या काठी एका हॉटेलात ती काम करते. करार एका वर्षाचा आहे आणि तो या महिनाअखेर संपतो. पुढच्या वर्षासाठी सही करायची की मलकापूरला परत यायचं, हे तिला आता ठरवायचं आहे, आणि तिच्या मनात काय आहे ते आम्हा दोघांना ठाऊक नाही. कमल रोज सांगते, "इचारा ना तिले, येतं का म्हून." मी रोज म्हणतो, "विचारतो." आणि फोन आला की मी तिथलं तापमान विचारतो.

यंदाचा एप्रिलही धड एप्रिल नाही. रोज दुपारी सातपुड्याकडून आभाळ चढतं, चार थेंब टाकतं आणि उकाडा वाढवून निघून जातं. कमलनं कुरडयांचा गहू निवडून कधीचा ठेवला आहे, पण भिजत घालायचा धीर होत नाही. गहू तीन दिवस भिजतो, मग वाटायचा, चीक काढायचा, शिजवायचा, आणि त्या दिवशी ऊन नाही पडलं तर सगळं आंबून जातं. कुरडयांच्या बाबतीत हवामान खात्यावर तिचा विश्वास नाही आणि माझ्यावर तर नाहीच.

गंमत म्हणजे मुलगीही फोनवर सारखं तेच विचारते. "आई, कुरडया झाल्या का?" गुढीपाडव्याच्या नंतर सुरू झालं ते. एक दिवसाआड फोन, आणि दर फोनला कुरडया. कमल म्हणते, "आभाळ हाये बाई, कशा घालू?" "बरं" म्हणून ती विषय बदलते. परदेशात जीभ हळवी होते, असं मी कमलला समजावून सांगितलं. मला सगळंच समजावून सांगायची खोड आहे.

*

संघमित्रा हे नाव मी ठेवलं. घरच्यांना सुजाता, करुणा असलं काहीतरी साधं हवं होतं. मी भूगोलाचा माणूस, मला इतिहासातली ती, बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्र ओलांडून गेलेली मुलगी आवडली. आता समुद्रापलीकडे गेली म्हणून तक्रार करायची तर कुणाकडे करायची? घरात आम्ही तिला मित्रू म्हणतो.

मित्रूही भूगोलच शिकवायची. बी.एड. झाली आणि इथल्याच एका खाजगी शाळेत तासिका तत्त्वावर लागली. तासिका तत्त्व म्हणजे जून ते एप्रिल नोकरी आणि एप्रिल ते जून आशा. परीक्षा संपली की नोकरी संपायची. सहा वर्षं असं चाललं. दरवर्षी एप्रिलमध्ये ती विचारायची, "बाबा, यंदा कायम करतील का?" आणि मी म्हणायचो, "धीर धर, पुढच्या जूनमध्ये बघू." हे मी इतक्या शांतपणे म्हणायचो, की जून महिना माझ्याच ताब्यात आहे असं ऐकणाऱ्याला वाटावं.

गेल्या वर्षीचा एप्रिल मला दिवसादिवसानं आठवतो. जयंतीची निळी तोरणं अजून गल्लीत होती. ऊन असं पडलं होतं, की नळाचं पाणी सकाळी दहालाच हाताला चटका द्यायचं. मित्रू दुपारी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन घरी आली आणि दारातच म्हणाली, पुढच्या सत्रात तासिका नाहीत. मग पंख्याखाली सतरंजी टाकून ती पेपर तपासायला बसली. नोकरी गेली तरी पेपर तपासून द्यायचेच होते. मी आरामखुर्चीत, कमल आत भाकरी करत होती. तासभर फक्त लाल पेनाचा आवाज येत होता.

मान वर न करता ती म्हणाली, "बाबा, एक काम भेटून राह्यलं. बाहेर देशात. बल्गेरियात. जाऊ का?"

दुसरा कुणी बाप असता तर त्यानं काय केलं असतं, याचा मी वर्षभर विचार करतो आहे. ओरडला असता, रडला असता, नाही म्हणाला असता, निदान कसलं काम आहे ते विचारलं असतं. मी उठलो आणि कपाटावरून नकाशासंग्रह काढला. धूळ झटकली. युरोपचं पान उघडून तिच्या उत्तरपत्रिकांवर ठेवलं. "हे बघ. वर डॅन्यूब, तिच्या पलीकडे रुमानिया. खाली ग्रीस आणि तुर्कस्तान. पूर्वेला काळा समुद्र. मधून हा बाल्कन पर्वत आडवा गेलाय, आत्याच्या सोनाळ्याहून सातपुडा दिसतो ना, तसाच पूर्व-पश्चिम." अर्धा तास मी बोललो. गुलाबाचं खोरं झालं, सूर्यफुलाची शेतं झाली. ती पेनाचं टोपण दातात धरून ऐकत होती. मी थांबलो तेव्हा तिनं नकाशा अलगद बाजूला केला, "बरं," म्हणाली आणि पुढचा पेपर ओढला.

संध्याकाळी कमल मला म्हणाली, "पोरीनं 'जाऊ का' इचारलं. तुम्ही 'कुठी हाये' ते सांगतलं."

मी हसलो होतो. चांगलं वाक्य आहे, असंही म्हणालो.

*

दुसऱ्याच दिवशी मी चाळीस पानी वही आणली आणि प्रवाशाला आवश्यक अशी बल्गेरियाची प्राथमिक माहिती लिहायला बसलो. मलकापूर स्टेशनाच्या पलीकडे फारसा न गेलेला माणूस बल्गेरियावर वही लिहितो, याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. पण शेळ्या मी मन लावून हाकल्या. गावातल्या वाचनालयात गेलो, भाच्याच्या मोबाईलवर शोधलं, खाडाखोड नको म्हणून आधी कच्चं लिहिलं. पाठ्यपुस्तकाचीच शिस्त ठेवली. स्थान व विस्तार, प्राकृतिक रचना, हवामान, पिके, लोकजीवन.

क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. लोकसंख्या मुंबईपेक्षा कितीतरी कमी. राजधानी सोफिया, पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. आपल्यापेक्षा घड्याळ हिवाळ्यात साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच तास मागे. लिपी वेगळी, आपल्याला इंग्रजी 'पी' वाटतो तो तिकडे 'र' असतो, म्हणून पाट्या वाचताना घाई करू नये. विजेची पिन दोन गोल दांड्यांची. संकटात एकशेबारा क्रमांक फिरवावा. नळाचं पाणी बहुतेक शहरांत पिण्याजोगं. चलन लेव्ह, हे अकराव्या पानावर, ठळक चौकटीत. दही उत्तम, ते त्या देशाचा अभिमान आहे. काकडी, दही, लसूण आणि अक्रोड घालून उन्हाळ्यात थंड सूप करतात. हे कमलला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "म्हंजे कोशिंबिरीत पानी जास्त झालं, आन् नाव दिलं सूप."

युरोपात बाहेरून दूधदुभतं नेता येत नाही, हेही लिहिलं. कमलनं बांधलेले पेढे आणि तुपाची बरणी मी स्वतः पिशवीतून काढून ठेवली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. "तूप बी नाही? मंग कायचा देश हाये थो?" एवढंच शेवटी म्हणाली. लसणाची चटणी आणि कुरडया मात्र गेल्या.

लोकजीवनाचं पान मला सगळ्यात आवडलं होतं. तिकडे मान वरखाली केली की 'नाही' आणि आडवी हलवली की 'हो'. कमल म्हणाली, "मंग तुम्हाले तिथं काईच अडचन नाही. तुम्ही कायलेच मान नाही हालवत." आणि फुलं द्यायची तर विषम संख्येनं, तीन, पाच, सात. सम संख्येची फुलं तिकडे फक्त मयताला नेतात.

पाठ्यपुस्तकाची शिस्त म्हटल्यावर शेवटी स्वाध्याय हवाच. गाळलेल्या जागा भरा. जोड्या लावा. आणि माझा लाडका प्रश्न, भौगोलिक कारणे लिहा. एकतीस वर्षं मी मुलांना कारणं विचारली. कोकणात पाऊस जास्त काऊन, वऱ्हाडात कापूस काऊन, पूर्णेकाठच्या विहिरींचं पाणी खारं काऊन. वहीतही दोन घातली. (अ) बल्गेरियाच्या उत्तर भागात गव्हाचे पीक चांगले येते. (आ) काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर हिवाळा आतल्या भागापेक्षा सौम्य असतो. खाली उत्तरासाठी ओळी सोडल्या. वही दिली तेव्हा कमलनं कपाळाला हात लावला. "अजी, तिनं बी भूगोलच शिकवला ना. तिले काय बल्गेरिया सांगून राह्यले?" मित्रूनं वही चाळली, स्वाध्याय पाहून हसली आणि म्हणाली, "सोडवीन बाबा."

तिचं ते हसणं मी पावती म्हणून घेतलं. मुलीसाठी बापानं करायचं ते आपण केलं, असं मला मनापासून वाटलं. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

*

निघायच्या दिवशी सोनाळ्याहून माझी मोठी बहीण आली. मित्रूची आत्या. आल्या आल्या तिनं दारात उभं राहून फर्मान काढलं, "आज कोनी पोरीले 'कुठी चालली' म्हनू नका गा. टोकलं का मंग जानाऱ्याले बसा लागते. घोटभर पानी पेऊन मंगच निघा लागते."

आमच्याकडे हे घराघरात आहे. निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारत नाहीत, फार तर 'लांब का?' म्हणतात. आता मी कोण? ग्रहणात मुलांना मैदानात नेऊन बिस्किटं खायला लावणारा मास्तर. मांजर आडवं गेलं की मुद्दाम चार पावलं जोरात टाकणारा. घरावर काळी बाहुली नाही, दाराला लिंबू नाही. कमलनं परित्राणपाठ करून मुलीच्या मनगटाला रक्षणाचा पांढरा दोरा बांधला, तेव्हाही मी हे मनाच्या समाधानासाठी असतं, असं स्पष्टीकरण दिलं. अशा माणसानं आत्याचं फर्मान हसण्यावारी न्यायला हवं होतं. मी निमूटपणे ते पाळलं. उलट मला बरंच वाटलं. 'कुठे' विचारायचं नाही म्हटल्यावर 'काऊन'ही विचारायला नको. तिथं काय करणार, किती दिवस, मनापासून चाललीस का, काहीच विचारायला नको. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान आणि स्वतः कोरडा पाषाण, तो हा असा.

गल्लीत मी 'हॉटेल मॅनेजमेंट' असं सांगून ठेवलं होतं. खरं काम काय ते मला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मुंबईची गाडी मलकापूरला जेमतेम दोन मिनिटं थांबते. आम्ही तासभर आधी जाऊन बसलो होतो. फलाटावर मित्रू बाकाच्या कडेला बसली होती, अगदी काठावर. मधूनच ती माझ्याकडे पाहायची. मला वाटलं, तिला काही शंका आहे. मी म्हणालो, "एकशेबारा लक्षात आहे ना?" ती म्हणाली, "हाव." थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं. मी पिनेचं विचारलं. गाडीची घोषणा झाली तेव्हा कमलनं पदरातून चाफ्याची चार फुलं काढून तिच्या ओंजळीत ठेवली, आणि मी काय केलं? त्यातलं एक उचलून घेतलं. "चार नको. तिकडे सम संख्या फक्त मयताला असते."

इथल्या अपशकुनांना न जुमानणाऱ्या माणसानं मलकापूर स्टेशनावर बल्गेरियाचा अपशकुन पाळला. माझी लेक तीन फुलं घेऊन गाडीत चढली. डब्याच्या दारात ती वळली. गाडी हलली. चौथं फूल माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं, ते संध्याकाळी काळं पडलं.

*

वर्ष गेलं. फोनवर तिच्या मागे नेहमी समुद्र. निळा, राखाडी, एकदा तर काठावर बर्फ. मी म्हणायचो, "काळा समुद्र काळा नाही, पाहिलंस?" ती म्हणायची, "हो ना बाबा." हॉटेलच्या आतला भाग कधी दिसला नाही आणि मीही कधी दाखव म्हटलं नाही. मार्चमध्ये तिनं मनगटाचा फोटो पाठवला. आईचा पांढरा दोरा विटून मातकट झाला होता आणि शेजारी लाल-पांढऱ्या धाग्याचं नवं गोंडेदार कडं होतं. तिकडे एक मार्चला ते बांधतात, आणि करकोचा किंवा पहिलं फुललेलं झाड दिसलं की सोडून फांदीला बांधतात. "इथल्या बायांनी बांधलं," तिनं लिहिलं होतं. कमल तो फोटो मोठा करून करून पाहत होती. "हाताले भेगा पडल्या तिच्या," ती म्हणाली. मी म्हणालो, हवा कोरडी असते.

जानेवारीत पेपरात कोपऱ्यात बातमी होती. बल्गेरियानं लेव्ह सोडला आणि युरो घेतला. माझं अकरावं पान खोटं ठरलं. मी अस्वस्थ झालो, लगेच फोन लावला. "मित्रू, वहीत दुरुस्ती कर. पान अकरा, चौकट."

"केली बाबा."

"खोडू नको, वर लिही."

"वरच लिहिलं."

मला इतका आनंद झाला, की दिवसभर मी अंगणात शीळ घालत होतो.

*

या आठवड्यात शेवटी ऊन पडलं. स्वच्छ, पांढरं, कुरडयांचं ऊन. कमलनं तीन दिवस वाट पाहून गहू भिजवला होता. आज सकाळी दुसरी घंटा होऊन दोन तास उलटले तेव्हा गच्चीवर चुलीवर चीक रटरटत होता आणि तिनं मला माळ्यावरची पत्र्याची पेटी काढून गच्चीवर आणायला लावली. त्या पेटीत वाळवणाची जुनी लुगडी असतात. वर्षातून एकदाच निघतात. गेल्या वर्षी मित्रूनंच ती धुऊन, घड्या घालून ठेवली होती.

पहिलं लुगडं उचललं आणि खाली वही होती. माझ्याच अक्षरात, बल्गेरिया.

मी आधी अकरावं पान उघडलं. सवय. लेव्ह तसाच होता, चौकटीत, ठळक. मग मला काय कळायचं ते कळलं आणि मी पेटीशेजारीच खाली बसलो.

कमल म्हणाली, "इसरली वाटते पोरगी."

मी शेवटची पानं उलटली. स्वाध्याय पेन्सिलीनं सोडवलेला होता. गाळलेल्या जागा भरल्या होत्या, जोड्या लावल्या होत्या, एकही चूक नव्हती. (अ)चं उत्तर होतं, (आ)चंही होतं. त्याच्याखाली तिनं तिसरा उपप्रश्न घातला होता, फळ्यावर लिहितात तशा सुबक अक्षरात. (इ) संघमित्रा मलकापूर सोडून गेली. पुढे कंसात, उत्तर बाबांनी लिहावे. खाली पाच ओळी रिकाम्या.

मी कमलला वाचून दाखवलं. तिनं झाऱ्या हातातच धरला होता. "इसरली नाही थे," ती हळूच म्हणाली. "ठेवून गेली. ही पेटी कवा निघते, ते तिले माहीत हाये."

आणि मग दोघांनाही एकदमच आठवलं. आई, कुरडया झाल्या का? महिनाभर, एक दिवसाआड. तिला कुरडया नकोच होत्या. ती वाट पाहत होती. आणि आम्ही तिला आभाळाच्या बातम्या देत होतो.

मी तिथंच फोन लावला. इथं सकाळचे साडेदहा, म्हणजे तिथं आठ. हा हिशेब मात्र डोक्यात पक्का. तिनं उचलला, मागे समुद्र होता. "आज तुम्ही फोन केला? तापमान सोळा हाये बाबा," ती हसत म्हणाली.

मी वही फोनपुढे धरली. तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

"झाल्या का कुरडया?"

"आज घालून राह्यलो," मी म्हणालो. घरातसुद्धा पुस्तकी बोलणारा मी, माझ्या तोंडून आपोआप तसं निघालं.

"उशीर झाला यंदा."

"आभाळ होतं, माय."

"माहीत हाये. आई सांगेच ना." ती बाजूला कुठेतरी पाहत होती. "परवा सही केली मी. अजून एक वर्ष."

कमलनं चूल सोडून माझ्या खांद्यावर हात ठेवला. चीक तळाला लागत असल्याचा वास येत होता, पण ती हलली नाही.

"तुले जायचं नव्हतं का मित्रू?" मी विचारलं. एका वर्षानं.

"होतं का नव्हतं, मलेच समजत नव्हतं बाबा. कोनी इचारलं असतं तर समजलं असतं."

हे माझ्या चाळीस पानांत कुठेही नव्हतं. मी म्हणालो, "तो समुद्र राहू दे. तू काम करतेस ते दाखव."

मग चित्र हललं. ती आत गेली, एक लोखंडी दार, एक जिना, एक लांब अरुंद बोळ. त्यात चादरींनी भरलेली ढकलगाडी, बादली, फरशी पुसायचा दांडा. एक खोली उघडी होती. फोन कशाला तरी टेकवून तिनं पलंगावर चादर झटकली, पसरली, चारी कोपरे ताणून गादीखाली दाबले. सहा वर्षं वर्गात उभी राहिलेली माझी मुलगी. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. कमल मात्र बारकाईनं पाहत होती. "कोपरा नीट दाबते," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला.

"सोळा खोल्या राह्यल्या अजून," मित्रूनं फोन उचलत म्हटलं. चेहरा लाल झाला होता, आवाज सरळ होता. "वही राहू द्या तुमच्यापाशी. सुट्टीत आली का तपासीन." ती जिन्याकडे निघाली होती. "चला बाबा. जाते."

मी म्हणालो, "कुठे चाललीस?"

ती थबकली. फोनमध्ये बघत राहिली.

"टोकलं ना तुम्ही?"

"टोकलं," मी म्हणालो.

ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि तिनं पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं.